काकूंच्या पाठीवरचा तांदूळ

परदेशातल्या आमच्या टूनगॅबी उपनगरात शेजारच्या काकू रोज दुपारी सॅक लावून चालायच्या. सॅकमध्ये तांदळाची मोठी पिशवी. साठीनंतर त्या एकट्याच तुर्कस्तानातलं कोन्या शहर पायी बघायला जाणार होत्या, त्याची ही तालीम. ‘कोन्या’ म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. मी गाडी थांबवून ‘सोडू का?’ विचारलं की म्हणायच्या, “नो वरीज गं. तिथे कोण सोडणारे मला?” स्वस्तातल्या हॉस्टेलची सवय व्हावी म्हणून रात्री नातीच्या वरच्या बंकवर झोपायच्या.

काल बेल वाजवून त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. “उद्या निघतेय. आता खरं सामान भरायचंय. याचा भात कर.”

मी तांदूळ डब्यात ओतायला घेतला आणि थांबले. आज त्यांचं विमान उडालं, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या पार्कपर्यंत पोचले होते, पाठीवरच्या तांदळासकट.