हिंमतरावांची मान

तांबट आळीत हिंमतरावांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ज्याचं बोलणं हिंमतरावांना ऐकू येतं असाही नाही. पोरवयापासून तांब्यावर हातोडा चालवलेला. घागरी, हंडे, बंब, आणि हल्ली हॉटेलवाल्यांना लागतात त्या शोभेच्या सुरया. समोर एक ठोकतोय, शेजारी दुसरा ठोकतोय, मागच्या दुकानात तिसरा. पन्नाशी गाठेपर्यंत कान गेले. आळीतल्या बहुतेक म्हाताऱ्यांचे गेले, पण बाकीचे "काय? मोठ्यानं बोल की!" असं खेकसून मोकळे होतात. हिंमतरावांना तसं म्हणायची लाज वाटायची. समोरचा काहीही बोलो, ते मान हलवायचे.

ही मान हलवून हलवून ते दोनदा गणेश मंडळाचे अध्यक्ष झाले, एकदा परक्याच कुणाच्या सोयरिकीत मध्यस्थ झाले आणि एकदा सलूनवाल्या साईनाथने "मिशी काढू?" असं विचारल्यावर मिशीही देऊन बसले. आळी हसली. पुण्यात माणूस अडचणीत आला की लोक आधी हसतात, मग मदतीचं बघतात.

अर्थात हे सगळे घोटाळे यमुनाबाई जवळ नसतानाचे. त्या शेजारी असल्या की हिंमतरावांची मान कधी चुकली नाही. बँकेत असोत, दवाखान्यात असोत, हिंमतराव बोलणाऱ्याकडे बघायचेच नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोकडे बघायचे. तिची हनुवटी किंचित खाली गेली की यांची मान डुलायची. तिने पदर सारखा केला की हे गंभीर चेहरा करून "बघू" म्हणायचे. मग घरी आल्यावर त्या समोर बसून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सगळं सावकाश सांगायच्या. पूर्णिमा सून म्हणून त्या घरात आली तेव्हा तिला पहिले काही दिवस वाटलं, सासूबाई मनातल्या मनात जप करतात.

तेजस खराडीला नोकरीला लागला तेव्हा त्याने पहिल्या पगारात बापासाठी कानाचं मशीन आणलं. हिंमतरावांनी ते एकदा लावलं. कुकरची शिट्टी, खालून गेलेली बुलेट आणि शेजारच्या सोजरबाईंचं भांडण असं सगळं एकदम कानात शिरल्यावर त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं आणि बायकोकडे बोट दाखवलं. "माझं मशीन हे."

"अन् हे बंद पडलं की?" यमुनाबाई म्हणाल्या. तेव्हा सगळेच हसले होते.

फेब्रुवारीत यमुनाबाई मोरीत पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नदीपलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि आठवड्यांमागून आठवडे गेले तरी त्यांनी डोळा उघडला नाही. डॉ. शेफालींनी तेजस आणि पूर्णिमाला बसवून सांगितलं की आता काही सुधारणा होणार नाही. मशीन काढायचं तर कायद्याने वाट आहे, पण ती सरळ नाही. आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मंडळ, मग बाहेरचा डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, घरच्यांची संमती, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. तेजसने सगळं केलं. नवऱ्याची संमती हवी म्हणून हिंमतरावांनाही नेलं. डॉक्टरांनी त्यांना प्रत्येक गोष्ट समजावली, त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि तेजसने बोट ठेवलं तिथे सही केली. बाहेर आल्यावर तेजस म्हणाला, "बाबा किती खंबीर आहेत!"

ठरलेल्या दिवशी सकाळी पूर्णिमा आणि तेजस अतिदक्षता विभागाबाहेर उभे होते. रात्रभर दोघं झोपले नव्हते. हिंमतराव रिक्षाने आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी यमुनाबाईंचं हिरवं लुगडं काढलं, चष्मा काढला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला काढल्या.

"आळीतल्या पोरांना सांगून ठेवलंय," ते म्हणाले. स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नसे, त्यामुळे ते सगळ्या मजल्याने ऐकलं. "खुर्चीत बसवून वर नेतील. जिना अरुंद आहे ना आपला. खाट खिडकीशी लावलीय. घरी आली की वाटेल तिला बरं."

पूर्णिमाने आधी चपलांकडे आणि मग तेजसकडे पाहिलं.

"बाबा, अहो," तेजस हलक्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ना सगळं?"

हिंमतरावांनी मान हलवली.

"तेजस, यांना काहीही कळलेलं नाही."

"अगं, सही केलीय त्यांनी."

"सही केलीय. कळलेलं नाही."

तिला ती बैठक आठवली. टेबलाभोवती सगळे मास्क लावलेले, कुणाचे ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता. हिंमतरावांशेजारची खुर्ची रिकामी होती. बोलणं सुरू झालं तेव्हा त्यांनी सवयीने तिरकं त्या खुर्चीकडे पाहिलं होतं. तिला वाटलं, आईंची आठवण आली असेल. आणि डॉक्टर किती छान बोलले होते! आराम, सुटका, निसर्गाच्या वाटेने जाऊ देणं. 'मरण' हा शब्द एकदाही आला नव्हता. तिनेही मनातून आभारच मानले होते त्यांचे. आता तिला ते सगळं आठवून शिसारी आली. एका माणसाच्या बायकोला न्यायला निघालो होतो आपण, आणि तो माणूस तिच्या चपला घेऊन आला होता.

डॉ. शेफालींना सांगितलं तेव्हा त्या जागीच थांबल्या. "मग ही संमतीच नाही," त्या म्हणाल्या. "आज मी कशालाही हात लावणार नाही. आधी त्यांना कळलं पाहिजे."

तेजसने मोबाइलवर लिहून दाखवलं. 'आईचा लाइफ सपोर्ट विड्रॉ करायचा आहे.' हिंमतरावांनी मोबाइल हातभर लांब धरला, अक्षर लागत नसतानाही वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली.

ओरडून सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेजसने दोनदा सुरुवात केली, "बाबा, आईला..." आणि दोन्ही वेळा त्याने वाक्य अर्धंच सोडलं. पूर्णिमा हडपसरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोरांना हाक मारणं हे तिचं रोजचं काम. तिने मास्क खाली ओढला, सासऱ्यांचे दोन्ही खांदे धरले आणि 'शांतता राखा' अशा पाटीखाली उभं राहून बेंबीच्या देठापासून ओरडली.

"बाबा! आई बऱ्या होणार नाहीत! त्यांचं मशीन काढायचंय! मशीन काढलं की आई मरणार!"

डबा घेऊन चाललेला कुणाचा तरी नातेवाईक थबकला. नर्स धावत आली आणि दारातच उभी राहिली. गेले कित्येक दिवस सगळे मिळून ज्या गोष्टीची तयारी करत होते, ती पहिल्यांदाच कुणीतरी उघड बोललं होतं. पूर्णिमाला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली.

हिंमतरावांची मान सवयीने खाली निघाली होती. ती मध्येच थांबली.

"कोण काढणार?"

"डॉक्टर!"

"आणि मी हो म्हणालो?"

पूर्णिमाने मान हलवली.

"मान नको हलवूस. तोंडानं सांग."

"हो! तुम्ही हो म्हणालात!"

हिंमतरावांनी डॉक्टरांकडे वळून विचारलं, "सुई देणार का?"

"नाही, काका. तशी परवानगी कायदा देत नाही," डॉ. शेफाली हळुवारपणे म्हणाल्या. "आम्ही त्यांना मारत नाही. आजाराला अडवणं फक्त थांबवतो." पूर्णिमाला हे जसंच्या तसं ओरडून सांगावं लागलं. ओरडल्यावर त्या वाक्यातला हळुवारपणा कुठल्या कुठे गेला.

"म्हणजे सुई दिली तर मारलं, आणि मशीन काढलं तर नाही मारलं?" हिंमतराव म्हणाले. डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते पुन्हा पूर्णिमाकडे वळले. "तिला विचारलं होतं?"

"आई कशा बोलणार, बाबा!"

"आत्ताचं नाही म्हणत मी. आधी. कधी काही बोलली होती का?"

हाच प्रश्न दोन्ही मंडळांनी पूर्णिमाला विचारला होता. तिने दोन्ही वेळा तेजसच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, विषय कधी निघाला नाही. विषय निघाला होता. दिवाळीत चकल्या पाडताना टीव्हीवर अशाच कुणा रुग्णाची बातमी लागली होती. पूर्णिमा म्हणाली होती, "आई, मला असं झालं तर ठेवू नका हं." त्यावर यमुनाबाई सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या होत्या, "तुझं ठीक आहे. मला मात्र ठेवा बाई, कशीही. यांना समोर माणूस लागतं."

आताही "नाही" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आणि मुळात हा माणूस जे सांगू ते मान्य करणारा. पण चपला अजून त्यांच्या हातात होत्या. पूर्णिमाने ते ओरडून सांगितलं, शब्दन् शब्द, चकल्यांसकट. सांगताना ती रडत होती.

तेजस तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसा बघायला लागला. "तू हे लपवलंस?" एवढंच तो म्हणाला, आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. डॉ. शेफालींनी फाइल मिटली आणि सगळं पुन्हा मंडळांपुढे जाईल असं सांगून टाकलं. हिंमतराव चपला मांडीवर घेऊन खाली फरशीवरच टेकले. "माझ्यापायी अडकलीय होय," ते म्हणाले, आणि तेही सगळ्या मजल्याने ऐकलं.

मंडळं पुन्हा बसली. या वेळी हिंमतरावांशेजारच्या खुर्चीत पूर्णिमा होती. एक डॉक्टर म्हणाले, बाईंनी स्वतः 'ठेवा' म्हटलंय, मग हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. दुसरे म्हणाले, ती इच्छा त्यांच्या स्वतःसाठी नव्हतीच, नवऱ्याच्या सोयीसाठी होती. आणि आता त्या नवऱ्यासमोर बसून काही सांगू शकतील अशी शक्यताच उरलेली नाही. दोघांचंही तिला पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. वाद वाढला तसा सासऱ्यांना ओरडून सांगता सांगता तिचा घसा फाटला, पण एकही वाक्य तिने गाळलं नाही. शेवटी ठरलं की प्रकृतीबद्दल दोन्ही मंडळांचं मत तेच आहे. बाईंचे शब्द कागदावर घेतले आहेत. आता त्यांना सगळ्यात जवळून ओळखणाऱ्या माणसाने सांगावं.

हिंमतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली नाही. "मला विचार करू द्या," म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी पूर्णिमाला बोलावलं. "घरी जा. फडताळात ती डबी आहे, माझ्या मशीनची. घेऊन ये."

पूर्णिमा स्कूटरवरून कसब्यातल्या घरी गेली आणि डबी घेऊन आली. रुग्णालयाच्या दारात तिने उघडून पाहिली. आतला सेल केव्हाच काढून टाकलेला होता, खाच रिकामी होती.

"बाबा, यात सेल नाही! थांबा, मी आणते समोरून!"

त्यांनी मशीन घेतलं, कानात बसवलं आणि आत निघाले. ऐकलं की नाही, तिला कळलं नाही. ती मागोमाग गेली.

यमुनाबाईंचा चेहरा सुजलेला होता, तोंडात नळी, गालांवर चिकटपट्ट्या. हिंमतराव त्यांच्या कानाशी वाकले. हलक्या आवाजात बोलायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, तरी शेजारच्या तीन-चार खाटांपर्यंत ते ऐकू गेलं.

"यमुने, हे बघ, मशीन लावलंय मी. येतं ऐकू आता. सगळं येतं. परवा डॉक्टर बोलले, सगळं कळलं मला. सोजरबाईंचं भांडणसुद्धा कळतं." ते आणखी खाली वाकले. "माझी काळजी करू नकोस. तू जा आता."

मग ते सरळ उभे राहिले आणि तिच्या हनुवटीकडे बघत राहिले. बघण्याची ती तऱ्हा पूर्णिमाने बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात पाहिलेली होती. मागे कसलासा भोंगा वाजला, नर्सने येऊन तो बंद केला. हिंमतरावांना त्याचा पत्ता नव्हता. हनुवटी हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पदर असतो तिथली चादर नीट केली आणि दाराकडे वळले.

बाहेर डॉ. शेफाली मास्क लावून उभ्या होत्या. शेजारी तेजस होता. त्या अगदी हळू म्हणाल्या, "काका, आपली तयारी आहे ना?"

हिंमतरावांनी कानातलं मशीन काढलं, डबीत घातलं, डबी खिशात टाकली. मग कानामागे हाताचा पंजा धरला आणि सगळ्यांदेखत, आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाले, "मोठ्यानं बोला, बाई. मला ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी मास्क काढला. पूर्णिमाकडे एकदा पाहिलं, पण ती पुढे झाली नाही.

"काका!" डॉक्टर ओरडल्या. "मशीन काढलं की काकू मरणार! काढू?"

"हो," हिंमतराव म्हणाले. मान जागची हलली नाही.