दाणागोटेवाला

"बगल उघडी हाय, शेठ."

एवढं म्हणून तो डाव्या हाताची दोन बोटं स्वतःच्याच बरगडीत खुपसायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू आमच्या फौजेची एक बाजू मोकळी पडलीय आणि शत्रूचे घोडेस्वार कारखान्याच्या मागच्या नाल्यातून वर चढून आलेत. सुताचा भाव वाढला, बगल उघडी. कापड तपासणाऱ्या मेंडिंगवाल्याने पांढऱ्यात डाग दाखवला, बगल उघडी. माझं लग्न ठरलं तेव्हाही त्याने बरगडीत बोटं घातली होती.

तो माझा जॉबर. यंत्रमागाचा कारखाना तुम्ही बाहेरून पाहिला असेल. आत कान फुटतात. त्या आवाजात कुठला माग आजारी आहे हे नुसतं ऐकून ओळखणारा, तो दुरुस्त करणारा आणि कारीगर आणून मागावर उभे करणारा माणूस म्हणजे जॉबर. माझे चोवीस माग त्याच्या हातावर चालत. वयाने दहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. मी दुसऱ्याच्या कारखान्यात, मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होतो तेव्हा तो तिथे जॉबर होता, आणि ते तो विसरत नव्हता. म्हणून मी अरे-तुरे करायचो.

घर कशेळीला, खाडीच्या काठाला. शिक्षण नववी. काल्हेरच्या एका गोदामात परदेशी रद्दीचे गठ्ठे उतरायचे. त्यातून हा लढायांची पुस्तकं निवडून आणायचा. इंग्रजी अडखळत वाचायचा, पण नकाशे मात्र सातबारा वाचावा तसे घडाघडा. युरोपातल्या कुठल्या टेकडीवर कुणाच्या तोफा होत्या, कुठल्या ओढ्यात कुणाचे घोडे बुडाले, हे त्याला पाठ. भिवंडीबाहेर तो वज्रेश्वरीपलीकडे गेला नव्हता.

भारनियमनाचे दिवस होते. दुपारी वीज गेली की माग थांबायचे आणि मग याची सभा भरायची. कापडाच्या घड्या घालायच्या टेबलावर तो कांड्या मांडायचा. लाल सुताच्या इंग्रज, निळ्या फ्रेंच. कारीगर घाम पुसत भोवती उभे.

"हानिबालनं मधली फळी मुद्दाम मागं घेतली," तो सांगायचा. "रोमवाले खूश. घुसले आत. मंग दोन्ही बाजू अशा मिटल्या." दोन्ही पंजे तो कांड्यांवर मिटायचा. "आत इतकी गर्दी, का हात वर करायला जागा न्हाय."

"फिर?" आझमगडचा एक म्हातारा कारीगर विचारायचा.

"फिर क्या, चाचा. संध्याकाळपर्यंत कापतच व्हते."

हे सांगताना त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. दयामाया त्याच्याकडे नव्हती. उशिरा येणाऱ्या एका कारीगराला त्याने 'ग्रूशी' नाव ठेवलं होतं. वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनचा एक सरदार वेळेवर पोचलाच नाही, त्याचं ते नाव. "आ गया ग्रूशी? लढाई खतम, बादशहा कैद," असं तो सगळ्यांसमोर ओरडायचा. त्या कारीगराला वर्षभर वाटत होतं की ही मराठीतली शिवी आहे. एकदा गावी आई वारली म्हणून तो कारीगर उशिरा आला, तेव्हाही हा तेच ओरडला. सगळे हसले. मीही हसलो. ग्रूशी तसाच आपल्या मागावर गेला.

आता माझं सांगतो.

एक सुताचा व्यापारी आला होता. मी त्याच्याशी तीन तास घासाघीस केली. तो उठून जायचा, मी जाऊ द्यायचो. तो दारातून परत यायचा. शेवटी माझ्या भावावर आला. मी खुशीत जॉबरला म्हटलं, "काय, सेनापती कोण?"

तो मागाखालून बाहेर आला, हात पुसले. "सेनापती? तुमी?" व्यापाऱ्याकडे वळून म्हणाला, "लश्कर में सेनापती अलग होता है, और घोड़ों के लिए चना-घास लानेवाला अलग. हमारे शेठ दुसरेवाले. मराठीत त्याला दाणागोटेवाला म्हंतात."

व्यापारी पोट धरून हसला. मी समोरचा चहाचा ग्लास भिंतीवर फोडला, तर तो आणखी हसला. आठवडाभरात गल्लीत माझं नाव झालं, दानागोटा शेठ. मी नमाजाच्या वेळी मशिदीसमोरून गेलो तरी कुणीतरी मागून पुटपुटायचं. मी दोन मागांपासून चोवीस केले होते, बापाचा एक पैसा न घेता. आणि हा.

त्याच वर्षी मी ठरवलं की एका कारीगराने चारऐवजी सहा माग सांभाळायचे. दोन पाळ्यांत मिळून बारा कारीगर होते. सहावर आठ पुरले असते. चौघांना गावी पाठवायचं. कारीगरांनी नकार दिला, माग बंद केले. पुढे जॉबर उभा राहिला.

"सहा न्हाय चालायचे, शेठ. पाठ फिरली का धोटा उडतो. डोळा जाईल कुणाचातरी."

"इतर चालवतात."

"त्यांना विचारा, किती बोटं हायत."

मला ऐकायचं नव्हतं. मला 'सेनापती' हा शब्द काढून घ्यायचा होता त्याच्या तोंडातून.

कारीगर जेवायचे बिस्सीत. बिस्सी म्हणजे त्यांची खानावळ. दोन वेळचं जेवण आणि ट्रंक ठेवायला जागा. ती चालवणाऱ्या बाईला सगळे मौसी म्हणत. खोली माझी होती. आणि आमच्याकडे पद्धत अशी की, ज्याच्यामागे कारखान्याचा शब्द, म्हणजे पैशाची हमी, नाही त्याला दुसरी बिस्सी ताटावर बसवत नाही. मी मौसीला म्हटलं, चूल बंद. मग गल्लीतल्या बाकीच्या चारही बिस्सींत जाऊन सांगून आलो की या बारा जणांमागे माझा शब्द नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी केळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी जॉबरने घरून भाकऱ्या आणि सुक्या मासळीचं कालवण आणलं. बारा जणांना एका माणसाच्या घरचं कुठे पुरतं? चौथ्या दिवशी सकाळी ग्रूशी पहिला आला. चक्क वेळेवर.

सगळे आत आल्यावर मी जॉबरला बोलावलं. "कोण जिंकलं?"

तो हात पुसत राहिला.

"सगळ्यांसमोर बोल."

"दाणागोटा जिंकला," तो म्हणाला.

तेव्हाही त्याने 'सेनापती' म्हटलं नाही. माझं डोकं फिरलं. मी त्याचं जॉबरचं काम काढून एका नव्या माणसाला दिलं आणि याला सांगितलं, राहायचं असेल तर कारीगर म्हणून राहा, सहा मागांवर. मला वाटलं, जाईल. नाही गेला. या वयात तेरा ते अठरा नंबरच्या मागांमधून बारा-बारा तास येरझाऱ्या घालू लागला. दुपारच्या सभा संपल्या. वीज गेली की मागाला टेकून डोळे मिटून उभा राहायचा.

सतरा नंबरचा धोटा नीट बसत नव्हता. त्याने नव्या जॉबरला सांगितलं, त्याला उमजेना. मग मला सांगायला आला. "सतरा थांबवा. मी बघतो एक तास."

"तू कारीगर आहेस," मी म्हटलं. "चालव."

तिसऱ्या दिवशी तो अठरावर तुटलेला धागा जोडत होता. हाक आली म्हणून वळला, आणि सतराचा धोटा सुटला. लोखंडी टोकाचा, हातभर लांब. मी हिशेबाच्या खोलीत होतो. माग एकेक करून थांबत गेले आणि ती शांतता भारनियमनाची नाही हे मला बसल्या जागी कळलं.

उजवा डोळा गेला.

पंधरा दिवसांनी पट्टी बांधून तो कारखान्यात आला. मी पाकीट तयार ठेवलं होतं. टेबलावर ठेवलं, मग मनात आकडा वाढवला, कारण तो घासाघीस करणार हे धरून चाललो होतो. त्याने पाकिटाकडे पाहिलंच नाही. चोवीस मागांवरून मान पूर्ण वळवत नजर फिरवली. एका डोळ्याने तसंच बघावं लागतं.

"रशियाचा सेनापतीबी एकाच डोळ्याचा व्हता, शेठ."

"मग?"

"मंग काय न्हाय."

दारात ग्रूशी उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो निघून गेला.

होळीला कारीगर गावी जातात, तसे गेले. ट्रंकासुद्धा घेऊन गेले, हे मला मौसीने नंतर सांगितलं. रंगपंचमी झाली, आणखी आठवडा झाला, एकही परतला नाही. जॉबरने सगळ्यांना दुसरीकडे कुठेतरी लावून दिलं होतं, उरलेल्या सगळ्यांना, आणि मी गावी पाठवलेल्यांनाही. कुठे, ते कुणी सांगेना. नव्या जॉबरच्या शब्दावर एकही कारीगर येईना. मी मौसीकडे गेलो, चूल पुन्हा पेटव म्हणालो, बिस्सीचं भाडं माफ केलं. ती परातीतलं पीठ मळत राहिली. "कारीगर पूछते हैं, जॉबर कौन है. मैं क्या बोलूँ?"

शेजारच्या शाळेत इतिहास शिकवणारे एक गुरुजी होते. त्यांना विचारलं, रशियाच्या त्या एका डोळ्याच्या सेनापतीने काय केलं?

"एक मोठी लढाई दिली, मग मागे हटला," गुरुजी म्हणाले. "मॉस्को सोडून दिलं. लोकही शहर रिकामं करून गेले. नेपोलियन आत शिरला आणि राजवाड्यात बसून राहिला. वाटलं, तहाचा निरोप येईल."

"आला?"

"नाही आला. महिनाभर वाट बघितली त्याने."

कशेळीला मी दोनदा गेलो. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बायकोच्या माहेरी गेले असतील, नायतर न्हाय.

मी चार मागांवर यायला तयार होतो. समोर बसून कुणी जोर लावला असता तर तीनवरही आलो असतो. पण सौद्याला दुसरा माणूस लागतो. मी कारखान्याचं दार सताड उघडं टाकून घडीच्या टेबलाशी बसायचो. बाजूच्या कारखान्यांचे माग धडधडत असायचे. दुपारी चहावाला किटली घेऊन दारात थांबायचा, आतल्या चोवीस बंद मागांकडे बघायचा आणि विचारायचा, "शेठ, कितने?"

मी म्हणायचो, "दो."