सव्विसाव्या मिनिटाची हाक

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे. वाचते आणि बाजूला ठेवते. ज्युनिअर कॉलेजच्या लायब्ररीत माझी एकतीस वर्षं गेली. भुताखेतांची पुस्तकं आली की त्यांच्यावर नंबर टाकून ती कथा-कादंबरीच्या कपाटात ठेवायची, हे काम माझंच होतं. ती दुसऱ्या कुठल्या कपाटात ठेवावीत असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो आहे. गेला महिनाभर थोडं थोडं लिहिते आणि खोडते.

नागपूरला मानेवाडा रोडच्या आत एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. पुढे हॉल, मग छोटा पॅसेज, त्यावर पडदा, आणि मागे स्वयंपाकघर. हॉलमधला टीव्ही स्वयंपाकघरातून दिसत नाही. आवाज लहान असला तर ऐकूही येत नाही. एवढं सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

माझे यजमान वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर होते. मूळ भिवापूरचे. आयुष्यभर नागपुरात राहिले, पण बोलणं गावचंच राहिलं. पुस्तक म्हणून कधी हातात धरलं नाही. मी रहस्यकथा वाचत बसले की शेजारी येऊन विचारायचे, "कोणं मारलं वं?" मी म्हणायचे, "अजून कळलं नाही." मग पुस्तक माझ्या हातातून घ्यायचे, शेवटचं पान वाचायचे आणि परत द्यायचे. "मले समजलं. तू वाच आता आरामानं."

आधी कळलं म्हणजे त्यांचं मन शांत राही. माझं उलट. शेवट कुणी सांगितला तर मला त्या पुस्तकाकडे पाहवतही नसे.

आमच्या मयूरने — तो पुण्याला असतो — टीव्हीवर एक हिंदी मालिका लावून दिली. डोंगरातल्या एका गावची, गुडघेदुखीने बेजार झालेली इन्स्पेक्टरबाई. त्या मालिकेची रीत अशी, की पहिल्या दहा मिनिटांत खून होतो आणि खुनी कोण ते आपल्याला सरळ दाखवतात. पुढचा सगळा वेळ बाई त्याला कशी पकडते एवढंच पाहायचं. ह्यांच्यासाठीच कुणीतरी बनवली असावी! पहिला भाग पाहून मी उठले. "सगळं आधीच सांगितलं, मग राहिलं काय पाहायचं?"

त्यावर ह्यांनी तोड काढली. रोज दुपारी चारला मी चहा ठेवायला आत जायची. हे आवाज अगदी बारीक करून सुरुवात एकटे पाहायचे. खून उरकला की हाक यायची — "ये वं. झालं." मी दोन कप घेऊन बाहेर यायची आणि तिथून पुढे पाहायची. मला खुनी माहीत नसायचा, त्यांना असायचा. मी एकेकावर संशय घ्यायची आणि हे शेंगदाणे खात गंमत पाहायचे.

"हा डॉक्टर असेल."

"असन."

"नाही, ती जाऊ. तिचा चेहरा पाहा ना."

"तुह्या मनात सगळ्या जावाच खुनी असतेत."

बरोबर माणसावर बोट ठेवलं की त्यांचा शेंगदाण्यांचा हात थांबायचा. हे मला ठाऊक होतं. मी ते कधी त्यांना सांगितलं नाही. मालिकेचे दोन सीझन आम्ही असे पाहिले.

मग ह्यांचं पोट दुखायला लागलं. गणपती उठल्यानंतर आम्ही त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मला आणि मयूरला आत बोलावलं, ह्यांना बाहेर बसवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे, म्हणाले. बाहेर येईपर्यंतच्या दहा पावलांत आम्ही मायलेकांनी ठरवून टाकलं, त्यांना सांगायचं नाही. धसका घेतील. बाकावरून उठत त्यांनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" मी म्हणाले, "पित्ताशयाला सूज आहे. वेळ लागेल." ते म्हणाले, "बरं."

साडेसहा महिने मी खोटं बोलले. औषधांची वेष्टनं फाडून टाकत होते. भेटायला येणाऱ्यांना फाटकातच गाठून बजावत होते. मार्चमध्ये हे गेले. त्यानंतर एकच गोष्ट मला आतून पोखरत राहिली. ज्या माणसाला शेवट आधी कळल्याशिवाय चैन पडत नसे, त्याच माणसापासून मी त्याचा शेवट लपवला. कुणाला काही सांगायचं असेल, कुणाला भेटायचं असेल... मी त्यांना त्याची संधीच दिली नाही. हे मी कुणाजवळ बोलले नाही. मयूरजवळही नाही.

आणखी एक आठवण होती, ती मी मुद्दाम मागे सारत असे. दिवाळीनंतर एका दुपारी आम्ही एक जुना भाग पुन्हा लावला होता. हे म्हणाले, "आज तूबी सुरुवातीपासून पाह्य ना माह्यासंग." मी म्हटलं, "मग मजा काय राहते?" तर म्हणाले, "मजा नाही जात वं. कोण मारणार हाये हे माहीत असलं तरी माणसाले पाहता येते. बसून तं पाह्य." मी हसले, चहाचं निमित्त करून आत गेले आणि सिंकचा नळ सोडून रडले.

आता जानेवारीचं सांगते.

मालिकेचा नवा सीझन ह्यांच्या जाण्यानंतर आला. डिसेंबरात मयूरने फोनवर सांगितलं, "आई, आलाय गं. पाहा, वेळ जाईल." मी पाहायला लागले, पण सुरुवातीची दहा मिनिटं सोडून. रिमोटने पुढे सरकवायची आणि तिथून पाहायची. पाचव्या भागाच्या दिवशी दुपारी कुणीतरी ताज्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या होत्या. मी टीव्ही लावला, आवाज कमी केला आणि पुढे सरकवायचं विसरून आत गेले. सवयीने. चहा ठेवला, खाली बसून तुरीचे दाणे सोलायला घेतले. मन कुठे होतं सांगता येणार नाही. दुःखात माणूस असा मधेच जुन्या दिवसांत जाऊन बसतो, त्याला स्वतःलाही कळत नाही. चहा गार झाला म्हणून मी तो पुन्हा गरम केला. हाक कशी आली नाही अजून, असंही एकदा मनात आलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आणि हाक आली.

"ये वं. झालं."

नेहमीची. हॉलच्या खुर्चीतून, मान न वळवता मारलेली. मी "आले" म्हणाले, दोन कपांत चहा गाळला आणि पडदा सारून बाहेर आले. खुर्ची रिकामी होती. टीव्हीवर एक म्हातारा जेवणाच्या टेबलाशी कोसळलेला होता आणि एका बाईच्या हातून ट्रे पडत होता. तेव्हा कुठे मला आठवलं की हे नाहीत.

भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मी खाली बसले, भाग शेवटपर्यंत पाहिला. दोन्ही कप मीच प्यायले.

मनाचे खेळ, असं स्वतःला समजावलं. चार दिवसांनी मयूरचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "पाचवा भाग पाहिलास? त्यात गंमत केली आहे त्यांनी. खूनच अर्ध्या तासाने होतो. तू नेहमीसारखी दहा मिनिटांनी पाहायला बसली असशील तर तुला खुनी कळला असेल."

मला तर कळला नव्हता. शेवटपर्यंत मी भलत्याच माणसावर संशय घेत होते.

फोन ठेवून मी तो भाग पुन्हा लावला. ट्रे पडतो तो सव्विसाव्या मिनिटाला. विषाचा खून होता, किंकाळी नाही, धडपड नाही. म्हातारा घोटभर पाणी पितो आणि आडवा होतो. आवाज बारीक होता, आत एक्झॉस्टचा पंखा सुरू होता. तो भाग मी आधी पाहिलेला नव्हता. ह्यांनी तर पाहिलेला असणं शक्यच नव्हतं.

मयूरला सांगितलं. तो म्हणाला, "आई, अर्धवट काहीतरी कानावर पडलं असेल. मेंदू जुळवून घेतो." मी कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. कान ठीक आहेत.

फेब्रुवारीत माझी नणंद कुसुमबाई भिवापूरहून वर्षभराच्या मिरच्या घेऊन आली. ह्यांच्या पाठची बहीण. बोलायला मोकळी, रडायलाही मोकळी. आल्या आल्या मला म्हणाली, "काय हाडकली वहिनी तू. जेवतं का नुसती पुस्तकंच खातं?" दोन दिवस राहिली. दुसऱ्या दुपारी म्हणाली, "दादा ते पोलीसबाईचं पाहे ना, ते लाव ना. मलेबी पाहू दे."

शेवटचा एक भाग राहिला होता. मी तिला रीत समजावली. तू बस, खून झाला की मला हाक मार, तोवर मी चहा करते.

"असं कुठं असते काय? अर्धा शिनेमा पाहाचा?"

"आमचं असंच होतं."

"बरं बाई. मारतो हाक."

मी आत आले. गॅस पेटवून भांडं ठेवलं, पाणी अजून ओतायचं होतं. हॉलमध्ये मालिकेचं संगीत सुरू होतं. तेवढ्यात —

"ये वं."

एवढंच. पुढचं "झालं" नाही.

मी गॅस बंद करून बाहेर आले. कुसुमबाई पलंगावर मांडी घालून बसली होती, टीव्हीकडे डोळे लावून.

"झाला एवढ्यात?" मी विचारलं.

"काय झाला?"

"खून. हाक मारलीस ना?"

"मी काहून हाक मारू? अजून कोणी मेलंच नाही वहिनी. आता तं सुरू झालं."

हाक कुणाची होती ते मला तेव्हा उमगलं आणि मी खालीच बसले. ती घाबरली, पाणी आणायला उठू लागली. मी तिचा हात धरून तिला बसवलं. टीव्ही सुरूच होता. एक बाई आपल्या भावासाठी दूध गरम करत होती, आणि ती त्याला मारणार हे तिच्या प्रत्येक हालचालीतून दिसत होतं. त्या पहिल्या भागानंतर कुणाच्या सोबतीने सुरुवात मी पहिल्यांदाच पाहत होते. नजर वळवली नाही. भाऊ दूध प्यायला तेव्हा कुसुमबाईने माझा हात घट्ट दाबला.

मग मी तिला सांगितलं. जानेवारीतली हाक, आजची हाक. दिवाळीनंतर हे सोबत बस म्हणाले आणि मी बसले नाही, तेही. आणि ज्याची वर्षभर लाज वाटत होती तेही बोलले. "कुसुमबाई, मी ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही गं. ह्यांना कळलं असतं तर..."

 ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"दादाले माहीत होतं वहिनी."

"काय माहीत होतं?"

"सगळं. पोळ्याले आला होता ना, तवाच त्यानं मले सांगतलं. वाडीतूनच कोठंतरी जाऊन फोटो काढला होता पोटाचा एकट्यानं."

पोळा गणपतीच्या आधी येतो. मी डॉक्टरांसमोर बसले त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी.

"मग तू मला का नाही सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली. म्हणे, तिनं सोतःहून इचारलं तरच सांग. तू कधी इचारलंच नाही. दिवाळीत मी त्याले म्हटलं, काहून वहिनीले असं खोटं बोलू देतं? तं हासला. म्हणे, माही बायको खोटं बोलते तं तिचे कान लाल होतेत, मले पाहाले बरं वाटते. अन् म्हणे, लपवू दे तिले. लपवण्यात तिचा दिवस जाते. नाही तं बसून रडन."

मला आधी राग आला. चांगला दहा-पंधरा मिनिटं राग आला. टीव्हीवर इन्स्पेक्टरबाई गुडघा दाबत त्या बहिणीच्या घरी येऊन बसली होती. मग राग कुठे गेला कळलं नाही. आम्ही दोघींनी तो भाग संपवला. मधेच डोळे पुसत कुसुमबाई म्हणाली, "पकडते वाट्टे आता हिले. दुधाचं भांडंच धुतलं नाही बयेनं." आणि मला हसू आलं. त्या वर्षात पहिल्यांदा.

त्यानंतर हाक आलेली नाही. चारच्या चहाला मी बराच वेळ आत थांबून पाहिलं. आता थांबत नाही.

मयूर म्हणतो तसं मेंदूनेच सगळं जुळवलं असेल. पण सव्विसावं मिनिट मेंदूला कुणी सांगितलं, हे त्यालाही सांगता येत नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

आणखी एका गोष्टीचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि ते तुमच्याकडेही नसेल. दोन माणसं, चौतीस वर्षांचा संसार, एकच घर. दोघांनाही तीच एक गोष्ट माहीत. आणि साडेसहा महिन्यांत ती दोघं एकदाही मिळून रडली नाहीत.