ओल्शुफ्का खाऊ नका

गेनोवेफा सादलिक तालुक्याच्या आरोग्य कचेरीत अळंबी तपासायला बसायची. पोलंडच्या पूर्व टोकाला, आमच्या पोद्लाशेत, हे काम हलकं समजू नका. ऑगस्ट लागला की सगळा मुलूख रानात, आणि गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तिच्या टेबलापुढे टोपल्यांची रांग. ती एकेक अळंबी उलटी करायची, दांडा दाबायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "खा" नाहीतर "फेका". बावीस वर्षांत तिसरा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. तिच्या शब्दावर जेवून कुणी इस्पितळात गेलं नव्हतं, निदान तिची तशी समजूत होती.

चौऱ्यांशी साली वरून एक परिपत्रक आलं: ओल्शुफ्का खाऊ नका.

आता ओल्शुफ्का म्हणजे गरिबाची अळंबी. बर्चच्या झाडाखाली हवी तितकी उगवते, कड आत वळलेली, बोटाने दाबली की तपकिरी होते. दोनदा उकळायची, पाणी फेकायचं, कांदा आणि आंबट साय घालून परतायची, उरलेली व्हिनेगरमध्ये घालून बरण्या भरायच्या. आज्या-पणज्यांनी हेच केलं. जुन्या पुस्तकात चालते असं लिहिलेलं, म्हणून गेनोवेफाही इतकी वर्षं "खा" म्हणत आली. परिपत्रकाचं म्हणणं वेगळंच होतं. हे नेहमीसारखं विष नाही. माणूस वर्षानुवर्षं खातो, काही होत नाही. पण आतल्या आत शरीर तिच्यावर डूख धरतं. मग एक दिवस तेच ताट, तीच भाजी, आणि अंगातलं रक्तच फुटायला लागतं, मूत्रपिंडं बंद पडतात. कितीही उकळा, उपयोग नाही.

तिने पाटी लावली. लोक हसले. ज्या सरकारने सॉसेज रेशनकार्डावर आणलं, ते आता रानातल्या अळंबीवर डोळा ठेवून आहे, असं जो तो म्हणू लागला. कुणाचा आजोबा नव्वदीपर्यंत ओल्शुफ्का खाऊन ठणठणीत, कुणाची आत्या. खरा घाव घातला तो लिपिना गावच्या बोगुमिलाने. भरल्या रांगेत तिने विचारलं, "गेल्या वर्षी तुम्हीच 'खा' म्हणालात, बाई. खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

गेनोवेफाने पुढची टोपली ओढली. कचेरीच्या साहेबांनी तिला बोलावून समजावलं, की आवाज चढवून, ठाम सांगायचं. आपलं चुकलं होतं असं कचेरीने एकदा कबूल केलं, की उद्या कुत्रंही विचारणार नाही. साहेबांचं काय जातंय म्हणायला? रांगेसमोर त्यांना थोडंच बसायचं होतं!

पण तिला बोगुमिलापेक्षा दुसरंच खात होतं. तिचा नवरा झेनोन पाच वर्षांपूर्वी वारला. रविवारी जेवला, संध्याकाळी उलट्या, मंगळवारी पिवळाधमक, शनिवारी संपला. कागदावर मूत्रपिंडं लिहिलं गेलं. गावाने मात्र दारू लिहून टाकली, आणि बिचारा झेनोन तर नामदिवसाला, आपल्या नावाच्या संताच्या सणाला, एक पेला घेतला तरी डुलक्या काढायचा. गेनोवेफा ते जुने कागद घेऊन डॉक्टर कुलेशांकडे गेली. त्यांनीच त्याला पाहिलं होतं. डॉक्टरांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, बहुतेक हेच. पण नक्की आता कोण सांगणार, तपासायला काही उरलेलं नाही.

आणि त्या रविवारी झेनोन जेवला होता आपल्या आईकडे. गेनोवेफा बहिणीच्या घरी बारशाला गेली होती.

सासू पेत्रोनेला लिपिनात एकटी राहायची, शहात्तर वर्षांची, अळंबी वेचायला अजून रानात सगळ्यांच्या पुढे. ओल्शुफ्का तिच्या ताटात एक दिवसाआड. सांगावं तर मुलाचं मरण म्हातारीच्या गळ्यात बांधायचं, न सांगावं तर एक दिवस तिचीही तीच गत. गेनोवेफाने आठवडाभर विचार केला, चर्चमध्ये जाऊन बसली, रडली, आणि शेवटी लिपिनाची बस धरली.

म्हातारी अंगणात स्टुलावर बसून सुरीने ओल्शुफ्काच खरवडत होती. बाजूला व्हिनेगरच्या बारा बरण्या भरून ठेवलेल्या. कचेरीची बाई आली, आता अंगणातही पाटी लावणार वाटतं, असं म्हणून तिने स्वागत केलं. गेनोवेफाने परिपत्रकात होतं ते सगळं सांगितलं. सुरी काही थांबली नाही. मी भाजीत कांदा घालते, म्हातारी म्हणाली, विष असलं तर कांदा काळा पडतो. माझी आई हेच करायची, तुझं सरकार जन्मायच्या आधीपासून.

"आई," गेनोवेफा म्हणाली, "आपला झेनोन बहुतेक यानेच गेला."

सुरी थांबली.

"बहुतेक?"

"डॉक्टर बहुतेक म्हणतात. नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"माझा पोटचा पोर गेला, आणि तू पाच वर्षांनी मला बहुतेक सांगायला आलीस होय गं?"

साहेब म्हणाले होते तसं ठाम बोलायची हीच वेळ होती. 'नक्की' म्हटलं असतं तर कोण पडताळायला जाणार होतं? पण जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगणं तिला जमेना.

म्हातारीने विचारलं, "कुणी शिजवली होती?"

"मी," गेनोवेफा म्हणाली. "मीच तपासली, मीच केली, मीच वाढली. त्या रविवारी, घरी."

अळंबीच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलली, आणि बरं जमलं असं तिला वाटलंही.

पेत्रोनेलाने सुरी एप्रनला पुसली आणि सुनेकडे निरखून पाहिलं.

"त्या रविवारी तू बारशाला होतीस. तो इथे जेवला, या दारात बसून. दोनदा मागून घेतली." तिने सुरी खाली ठेवली. "तुला खोटं बोलता येत नाही, गेनिया. तुझे कान लाल होतात. आत्ता झालेत. मघाशी बहुतेक म्हणालीस, तेव्हा नव्हते झाले."

मग गेनोवेफाला रडू आवरेना. काय करायला आले आणि काय करून बसले, असं तिला झालं. म्हातारी रडली नाही. ती उठली आणि एकेक बरणी घरामागच्या खड्ड्यात नेऊन ओतू लागली. गेनोवेफा मदतीला गेली तर तिला हाताने मागे सारलं. बाराच्या बारा बरण्या तिने स्वतः ओतल्या, वर माती लोटली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. गेनोवेफा परतीच्या बसपर्यंत अंगणातच बसून राहिली, पण दार काही उघडलं नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा लिपिनाच्या बायका नेहमीप्रमाणे चर्चच्या आवारात घोळक्याने उभ्या होत्या. पेत्रोनेला काठी टेकत त्यांच्यात गेली आणि बाजारातला भाव सांगावा तसं म्हणाली, की माझा झेनोन दारूने गेला नाही. माझ्या हातची ओल्शुफ्का खाऊन गेला, बहुतेक.

बोगुमिलालाच काय ते राहवलं नाही. "बहुतेक म्हणजे काय, आजी? नक्की नाही ना?"

"नक्की नाही," पेत्रोनेला म्हणाली. "आज दुपारी तुझा पोरगा ताटावर बसेल, तेव्हा ओल्शुफ्का वाढताना बघ, तुझा हात थांबायला नक्की लागतं का बहुतेक पुरतं."