खिशातली कवळी

आरमोरीच्या दवाखान्यात होते तेव्हा शवविच्छेदन आलं की माझं डोकं तापायचं. प्रेताचा काय दोष? पण मी हातमोजे चढवायच्या आत बाहेरच्या गर्दीनं मरणाचं कारण ठरवून टाकलेलं असायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे घरोघरी मटण शिजतं. त्या दुपारी जवळच्या खेड्यातून एका आजोबांना आणलं. जेवताजेवताच गेले होते. रांधलं होतं उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या नातसुनेनं. ती व्हरांड्यात एकटीच बसली होती, जवळ कुणी फिरकत नव्हतं.

"म्याडम, हिनं जहर देल्लं," आजोबांचा मुलगा म्हणाला. "बुढा हासत जेवून राह्यला होता अन् एकदम निळा पडला!"

"बाकीच्यांना काही झालं नाही?"

"आम्ही कुठी जेवलो? पहिला वाढा मोठ्या माणसाचा."

मटणाचं पातेलं त्यांनी उकिरड्यावर उपडं केलं होतं. गावातली कुत्री ते खाऊन मजेत होती, पण कुत्र्यांची साक्ष कोण मानणार? विषाच्या तपासणीचे नमुने नागपूरला जातात, उत्तर यायला महिने लागतात. तोवर त्या पोरीचं काय झालं असतं?

हवालदारानं आजोबांच्या खिशातल्या वस्तू काढल्या. विड्या, काडेपेटी आणि रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी. जेवताना कवळी खिशात? मी आधी गळाच उघडला. श्वासनलिकेच्या तोंडाशी मटणाचा भलामोठा तुकडा, एकदाही न चावलेला. असा घास अडकला की माणसाला ओरडताही येत नाही, तो निळा पडतो आणि बघणाऱ्यांना विष आठवतं. मला चक्क हसू आलं, इतका आनंद झाला होता.

नमुने तरीही पाठवले, पण बाहेर येऊन सगळ्यांना स्वच्छ सांगितलं.  आजोबांबरोबर आलेल्या आजी रडता रडता नवऱ्यावरच उखडल्या, "किती डाव सांगितलं, दात लाव म्हून! कवळीनं चव जाते म्हने!"

मग डोळे पुसून त्या उठल्या आणि नातसुनेचा हात धरला.

"चाल घरी. मटनाची भाजी बिघडली असती तं बुढ्यानं तिथीच थुकली असती. गिळली त्यानं."