एकपण वायर दिसता नये!

गॅरेजात किस्से कसे साठतात सांगू? नटबोल्टसारखे! गाडी उघडताना दहा निघतात, बसवताना आठच लागतात. उरलेले दोन डब्यात. आता डबा भरून वाहतोय. तुम्ही बसलाच आहात, चहा पण सांगितलाय, तर थोडा ओततो. लिहून द्या म्हणाल तर माझं नाव लिहीपर्यंत चहा निवेल. पण तोंडाला शाळा लागत नाय!

आमचं गॅरेज भाट्याच्या पुलापलीकडे, पावसच्या रस्त्याला. मालक अण्णा, इंजिनाचं काम त्यांचं. पत्रा नि रंग सदाचा. सदा देवरुखकडचा, माळकरी. मासळीबाजारावरून जायचं झालं तर श्वास कोंडून धरतो. वर आणि डावरा! वायरिंग माझं. मी हसन, राजिवड्याचा. गिऱ्हाईकं मला चाचा म्हणतात, सदा मियाँ म्हणतो, नि अण्णा चिडले की काय म्हणतात ते चहाबरोबर सांगण्यासारखं नाय.

आणि दारात एक निळी खुर्ची. प्लास्टिकची. अण्णांचा कायदा आहे, "ज्याला हातातलं काम दिसेनासं होईल त्याला घरी पाठवणार नाय. त्यानं ह्या खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा, आल्यागेल्याशी बोलायचं. वायरीला हात लावायचा नाय."

माझ्याआधीचा वायरमन त्या खुर्चीत बसला. चांगला बोलका माणूस, पण शेवटी शेवटी "पाऊस पडेल काय?" एवढंच विचारायचा. उन्हाळ्यात पण! माझा बाप तांडेल होता, होडीचा म्होरक्या. त्याला होडीवरून उतरवल्यावर तो पण असाच किनाऱ्यावर बसलेला मी बघितलाय.

म्हणून मी टायरवर बसतो. खुर्चीला टेकत पण नाय!

*

गुहागरचा फारूक कुवेतवरून आला तो फोनमध्ये एक फोटो घेऊन. कुठल्यातरी गाडीचं इंजिन. इतकं लख्ख, की आत वायरच नाय.

"चाचा, माझ्या फियाटचं असं करा. बोनेट उघडल्यावर एकपण वायर दिसता नये!"

मी म्हटलं, "सुनेनं सासूपासून मोबाईल लपवावा, तशा लपवायच्या काय?"

"तशाच!"

सदानं मडगार्डच्या आतल्या बाजूनं पत्र्याची पन्हळ काढलीन. मी जुन्या वायरींचं जंगल सोडवलं, कमी पडतील त्या वाढवल्या नि लांबून फिरवून त्या पन्हळीत निजवल्या. वरून सदानं झाकण मारून गाडीच्याच रंगानं रंगवलंन. बोनेट उघडलं तर इंजिन एकटंच! आत्ताच न्हाव्याकडून उठल्यासारखं.

फारूक खूश. त्याच्या अब्बांनी मात्र आत बघितलं नि कपाळाला हात मारला. "पोरा, वायरी चोरल्यानी रे तुझ्या!"

मी म्हटलं, "चोरल्या नाय अब्बा, काढूनच टाकल्या. आता जिन्न बसवलाय. पुढं झकास ओढतो. रिव्हर्सला मात्र जरा कुरकुरतो."

एवढंच बोललो हो! पुढच्या आठवड्यात फारूकचा फोन.

"चाचा, काय सांगितलंत अब्बांना? रिव्हर्स घ्यायचा म्हटलं की गाडीतून उतरतात. जिन्नाला ओझं नको म्हणून!"

मी घाबरलो. म्हटलं, "येतो नि खरं काय ते सांगतो."

"खबरदार! नायतर आत बसून 'डावीकडे घे, उजवीकडे घे, ठोकलीस, ठोकलीस' करायचे. बायको रोज दुवा देते तुम्हाला!"

*

फारूकची गाडी बघून मग सगळ्यांनाच वायरी लपवून हव्या झाल्या. अण्णांना काळजी. त्यांनी चिठ्ठ्या आणल्या. "हसन, झाकणाखाली कुठली वायर कुठली ते कळणार कसं? प्रत्येकीवर नाव लिही."

"अण्णा, लिहायला लागू नये म्हणून तर मी दुसरीतून पळालो. म्हातारपणी पकडलंत?"

मी मेणाचा दोरा घेतला. बापानं होडीवर गाठी शिकवलेल्या, त्या मारल्या. हॉर्नच्या वायरीला एक गाठ, हेडलाईटला दोन, वायपरला नांगराची. मग डोळे मिटून इंजिनाच्या मागे हात घातला, बोटानं चाचपलं नि म्हटलं, "वायपर!" सदानं त्या वायरीला करंट दिलान. फिरला वायपर!

अण्णांनी चिठ्ठ्या चहाच्या ग्लासाखाली ठेवायला दिल्या.

सदाला पण गाठी शिकवल्या. पण डावरा माणूस! आमच्याकडे गाडी उत्तरेला तोंड करून लागते. माझ्या गाठीचं तोंड येतं पूर्वेला. त्याच्या त्याच गाठीचं नेमकं पश्चिमेला, समुद्राकडे!

मी म्हटलं, "सदा, आमच्या होडीवर असतास तर माझ्या बापानं समुद्रात टाकलं असतंन तुला!"

"टाकू दे. मी माळकरी. मला बघून मासे खूश झाले असते."

*

अण्णांना त्यांच्या जीपला चोर-स्विच हवा होता. असा, की चोराला सापडता नये. मी सीटच्या स्प्रिंगखाली बसवला. अण्णा बसले की स्प्रिंग दबते, स्विच लागतो, जीप चालू. सदा बसला, नाय चालू झाली. मी बसलो, नाय. अण्णांचं वजन म्हणजे दोन माणसांचं!

अण्णा गावभर सांगत सुटले, "माझी जीप मालकाला ओळखते!"

मग डॉक्टरनं त्यांना वजन उतरवायला सांगितलंन. वहिनींनी भात बंद, आंबा बंद, पाव बंद केलानी. आणि एक दिवस संगमेश्वरवरून अण्णांचा फोन. "हसन, जीप चालू होत नाय रे! सेल्फ पण मारत नाय!"

"अण्णा, सकाळपासून काय खाल्लंत?"

"दुधी! त्याचा इथं काय संबंध?"

"समोर हॉटेल आहे काय?"

"आहे."

"दोन प्लेट मिसळ खा, वरून चार वडे, नि मग बसा."

थोड्या वेळानं परत फोन वाजला. अण्णांनी नुसता जीपचा आवाज ऐकवला!

वहिनी अजून माझ्याशी बोलत नाय. अण्णा मात्र हॉटेलवरून जाताना हात जोडतात. हॉटेलला नाय, मला!

*

नंतर रंगांनी मला दगा दिला.

हिरवी वायर नि निळी वायर एका आईची लेकरं दिसायला लागली. लाल नि तपकिरी तर जुळी! गंमत अशी, की दारातली निळी खुर्ची मात्र लांबून बरोबर ओळखू यायची.

बोलणार कोणाला? मी युक्ती काढली.

"सदा, इकडं ये. परीक्षा! ही कुठली?"

"निळी."

"ही?"

"हिरवी."

"शाब्बास, पास!"

रोज परीक्षा. सदा वैतागायचा. "मियाँ, स्वतः दुसरीतून पळालास, नि मला रोज वर्गात बसवतोस!" पण यायचा. ब्रश खाली ठेवून यायचा.

माझं वायरिंग झालं की गाडी सदाच्या पडद्याआड जायची. झाकण लावायचं, रंग मारायचा. धूळ बसते म्हणून तो आत कोणाला घ्यायचा नाय. पूर्वी दुपारी गेलेली गाडी संध्याकाळी बाहेर यायची. आता दोन-दोन दिवस आतच! मी पडद्याबाहेरून ओरडायचो, "सदा, झाकण रंगवतोस की गणपती?"

"डोळे काढायचे राह्यलेत!" आतून आवाज यायचा.

आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसांतल्या एका गाडीची तक्रार आली नाय. एका पण! मी मनात म्हणायचो, हसन, डोळे गेले तरी हात काय आहे तुझा!

*

त्याच दिवसांत सावंतबाईंची लाल आठशे गाडी आली. बाई शाळेत शिकवतात. मेणाचा दोरा संपलेला. मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीच्या जुन्या जाळ्याचा दोरा आणला. पक्का दोरा! फक्त जन्मभर बांगड्यांत राह्यलेला.

सदानं नाकाला फडकं लावलंन. "लांब धर ते! हात लागला तर बायको मला घरात घेणार नाय."

गाडी झाली, पडद्याआड गेली, बाहेर आली, बाई घेऊन गेल्या. आणि लगेच परत! बोनेट उघडतो तर आत चार मांजरी. लग्नाच्या पंगतीला बसल्यासारख्या.

मी मान खाली घातली. आता छडी!

बाई म्हणाल्या, "हसनचाचा, काय उपकार झाले तुमचे! माझी मनी किती दिवस हरवलेली. काल बघते तर बोनेटवर!" वर डबा पुढे केला. नारळाच्या वड्या! "आता घरातलं वायरिंग पण तुम्हीच करा."

तेवढ्यात मांजरींनी उड्या मारल्या. माझ्याकडे ढुंकून पण बघितलं नाय. सगळ्या गेल्या सदाकडे! त्याच्या पायात घोटाळायच्या, त्याचे हात चाटायला बघायच्या. माळकरी माणूस "शुक शुक" करत अंगणभर पळतोय नि मांजरी मागे!

मी टायरवर बसून पोट धरून हसलो. म्हटलं, मांजरींना पण कळतं, कोणाला चिडवायचं!

*

शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. चोरून! गॅरेजात सांगितलं, गुहागरला भाचीचं लग्न आहे. परत आलो तो काळा चष्मा लावून.

अण्णा म्हणाले, "जेवण काय होतं?"

"बिर्याणी."

"नि हा चष्मा?"

"फॅशन! कुवेतवाल्यांचं लग्न."

सदानं विचारलंन, "नवरी कशी होती?"

"नीट दिसली नाय."

"गर्दी असेल," सदा म्हणाला.

"खूप!"

नेमका फारूक तिथं उभा. गुहागरचाच तो! म्हणतो, "चाचा, कोणाचं लग्न? मी कालपर्यंत तिकडेच..."

"फारूक!" अण्णा ओरडले. "गाडी हलव आधी! रस्त्यात लावतोस?"

गाडी रस्त्यात नव्हती. पण फारूक हलवायला गेला, नि मी वाचलो. अल्लाची मेहरबानी, दुसरं काय!

*

डोळे आले. लाल ती लाल, निळी ती निळी. सदा किती भडक रंगाचे शर्ट घालतो हे पण तेव्हाच कळलं.

आणि सावंतबाईंची आठशे परत आली. मनी खाऊन खाऊन आळशी झाली होती, नि उंदरानं हेडलाईटची वायर कुरतडली होती. मी पन्हळीचं झाकण काढलं. आत तोच जाळ्याचा दोरा. अजून वास!

हेडलाईटच्या दोन गाठी. तोंड पश्चिमेला.

पुढची बघितली, हॉर्नची. पश्चिमेला. वायपरची नांगराची गाठ, पश्चिमेला. चष्मा पुसला. परत बघितलं. पन्हळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकपण गाठ पूर्वेला नाय.

सदा बाजूलाच रंग ढवळत होता.

"सदा."

"काय?"

"बाईंच्या गाडीच्या गाठी कोणी मारल्यान?"

"तूच. वायरिंग कोणाचं?"

"सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत."

सदा ढवळतच राह्यला. वर बघितलं पण नाय. म्हणाला, "मग नमाजाची वेळ झाली असेल."

अण्णा आतून चहा घेऊन आले. एक ग्लास माझ्या टायरवर ठेवलानी, नि परत आत गेले. दारातली खुर्ची रिकामीच होती.

मी कुरतडलेली वायर जोडली. दोऱ्याचा तुकडा काढला. डाव्या हातात धरला नि गाठ मारायला बसलो. सुटली. परत मारली. घसरली. तिसऱ्यांदा बसली एकदाची, तोंड पश्चिमेला करून, पण अशी वाकडी, की विचारू नका.

सदा उठून आला. वाकून बघितलंन. जाळ्याचा वास येत होता, तरी नाकाला फडकं लावलं नाय.

"मियाँ," म्हणाला, "तुझ्या बापानं समुद्रात टाकलं असतंन तुला!"