आरामखुर्चीच्या मापाचं पायदान

बसावं कसं, हे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच माणसाला कळलं, आणि तो माझा थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. बाकी आपण सगळे नुसते टेकतो. साडू कुणाकडे गेले की आधी खुर्चीची पाठ दाबून बघायचे, मग हातांवर भार देत हळूहळू खाली उतरायचे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकायचे, आणि सगळं मनासारखं जमलं की डोळे मिटून "हां" म्हणायचे. तोवर यजमानानं पाण्याचा गिलास हातात धरून उभं राहायचं. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीला म्हणे काहीच विचारलं नाही. निघताना सासऱ्यांना तेवढं म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण ही खुर्ची मांगून उचला थोडी, माणूस घसरून राह्यला." आमच्या सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला.

आणि अशा माणसाच्या नशिबी फटफटी आली! साडू पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर होते. ती वर्षं कापसाची फार वाईट. एका साली पाऊस नाही, दुसऱ्या साली बोंडअळी. ज्या दिवसांत जिनिंगच्या आवारात बैलगाड्यांना उभं राहायला जागा मिळायची नाही, त्या दिवसांत तिथे कुत्री पाय ताणून झोपू लागली. शेवटी मालकानं कुलूप लावलं आणि साडूंना बाभुळगावच्या आपल्या दुसऱ्या जिनिंगमध्ये घेतलं. अट एकच: सकाळी पहिली गाडी वजनकाट्यावर चढायच्या आत हजर पाहिजे. जमत नसेल तर तिथेच बिऱ्हाड करा, नाहीतर दुसरा माणूस तयारच आहे. आता पांढरकवडा कुठे, बाभुळगाव कुठे! मध्ये अख्खं यवतमाळ ओलांडावं लागतं, आणि पहाटेची एसटी आली तर आली.

बिऱ्हाड हलवायला साडू मुळीच तयार नव्हते, ते ताईंमुळे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एका पोडावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. पोरांना मास्तरांची भाषा कळत नाही म्हणून ताई त्यांच्या आयांजवळ बसून बसून कोलामी शिकल्या होत्या. त्यांचे उच्चार ऐकून पोरं पोट धरून हसायची आणि हसता हसता शाळेत टिकायची. "माह्या नोकरीपायी तिची शाळा सुटाले नाई पाहिजे," साडू म्हणायचे. मी म्हटलं, मग तुम्ही एकटे खोली करा. तर माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांना संन्यास घ्यायला सांगितला. "अन् मले झोप कोन आनून देईन, तुमी?"

म्हणून फटफटी. पण साडूंचा उजवा गुडघा मागे एकदा कापसाच्या गंजीवरून पडल्यापासून रुसलेला. फार वेळ वाकवून ठेवला की सुजायचा. ताईंनी बजावून ठेवलं होतं, पाय सुजलेला दिसला की गाडी विकायची. तेव्हा साडूंनी ठरवलं, पुढच्या लेगगार्डाला जास्तीचं पायदान बसवायचं, म्हणजे लांबच्या रस्त्याला पाय पुढे पसरून आरामात जाता येईल. झालं! बसण्याच्या शास्त्रातला त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा प्रयोग सुरू झाला. आधी तुराट्यांची जुडी आडवी बांधून नमुना केला, तो गल्लीच्या तोंडाशीच मोडला. मग यवतमाळात स्पेअर पार्टच्या दुकानासमोर गाडी उभी करून, दुकानदाराच्या खोक्यांवर पाय ठेवून अख्खी दुपार बसले. घडीचं पायदान घ्यावं की पक्कं, रबराचं की लोखंडी, अरुंद की पसरट. रबर उन्हात तापते, लोखंड पावसात घसरते, अरुंद असलं तर तळवा चावते. गिऱ्हाइकं यायची, साडूंना वळसा घालून आत जायची. "काका, घ्या नाहीतर उठा," दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला. साडूंनी डोळे मिटूनच सांगितलं, "बसू द्या ना बावा. पाय बोलून राह्यला."

घेतलं ते रबर लावलेलं, पसरट, घडीचं. आता उंची किती ठेवायची? दुसऱ्या कुणीही गाडीवर बसून माप घेतलं असतं. साडूंनी घेतलं घरच्या आरामखुर्चीवर, जेवण झाल्यावर, पाठीशी उशी घेऊन! का, तर त्या खुर्चीत त्यांचा गुडघा कधीच दुखला नव्हता. ताईंच्या शिवणाच्या टेपनं कमरेपासून टाचेपर्यंत माप काढलं आणि वेल्डरकडून बरहुकूम तेवढ्यावर पायदान ठोकून घेतलं. मी म्हटलं, अहो, बाजारापर्यंत एक चक्कर मारून तरी बघा. "दहा मिनिटात काय समजते? दहा मिनिटं तं माणूस बाभळीच्या काट्यावरबी बसून घेते!"

पहिल्या लांबच्या फेरीला मागच्या सीटवर मी होतो. रविवारी त्यांच्याकडे मुक्काम केला होता, सोमवारी मला यवतमाळला कचेरी गाठायची होती. निघताना ताईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "भाऊजी, त्याइच्या पायाकडे ध्यान ठेवजा. ते मले सांगनार नाईत. तुमी खरं सांगजा." म्हणजे मी हेर झालो, आणि तोही त्यांच्याच मागे चिकटून बसलेला. हायवे सोडून यवतमाळच्या रस्त्याला लागेपर्यंत साडू राजासारखे बसले होते. दोन्ही पाय पुढे, पाठ ताठ, समोरून ट्रक आला तरी मान हलत नव्हती. "कसं वाटून राह्यलं?" असं ते मलाच विचारत होते. पुढे जंगल सुरू झालं तसे ते गप्प झाले. मी मागून वाकून बघितलं. डावा पाय ते मधूनमधून खाली घेऊन गिअर बदलत होते, उजवा मात्र निघाल्यापासून तसाच लांब पसरलेला. मागचा ब्रेक दाबायचा तो त्याच पायानं. विचारू की नको, विचारू की नको असं करत मी त्यांचा खांदा घट्ट धरून बसलो.

उताराला वळण घेतलं आणि समोर गावाची गुरं! अख्खा कळप रस्ता ओलांडत होता, गुराखी पार मागे. मी ओरडलो, "ब्रेक!" साडूंचा आवाज आला, अगदी बारीक, "पाय येऊन नाई राह्यला, साडूभाऊ." देवाचं नाव आठवेना. साडूंनी गिअर खटाखट खाली पाडले, हॉर्नवर अंगठा दाबून धरला, पुढचा ब्रेक दाबत, सोडत, परत दाबत गाडी आणली. मागचं चाक बाजूला घसरलं, मी त्यांच्या पाठीवर आपटलो आणि गाडी एका गाईच्या पोटाला टेकून थांबली. गाईनं मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि रवंथ सुरू ठेवला. डाव्या पायावर दोघांचा भार तोलत साडू म्हणाले, "मले धरा." कधी कुणाची मदत न मागणारा माणूस! मी उतरून त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पायदानावरून काढला. गुडघा लाकडासारखा झाला होता, आणि पँटवरूनही सूज कळत होती.

मी संतापलो होतो. "मरायचं होतं का? मलाही घेऊन?" साडू रस्त्याच्या कडेला बसले होते, आयुष्यात पहिल्यांदाच कसेतरी बसलेले. "घरी आरामखुर्चीतून उठाले बायको हात देते," ते म्हणाले, "ते मापात धरलंच नाई मी." मग माझा हात पकडला. "तिले नका सांगू. शाळा सुटन तिची." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. तरी गाडी मी स्वतः चालवत यवतमाळला नेली, आणि पोचल्याबरोबर त्यांना बाभुळगावच्या एसटीत बसवलं आणि समोरच्या बूथवरून ताईंच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून, ताईंना बोलावून घेऊन सगळं सांगितलं. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. साडू दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

ताईंनी बाभुळगावला बदलीचा अर्ज दिला. "कायले दिला?" साडू घरभर लंगडत ओरडत होते, "मी काय मेलो काय?" ताई भाकरी थापत म्हणाल्या, "मराले नाई पाहिजे म्हनूनच दिला." एवढ्यावर वाद मिटला. पोडावरच्या शेवटच्या दिवशी त्या घरी आल्या आणि रात्री जेवल्या नाहीत. साडूही जेवले नाहीत.

परवा बाभुळगावला गेलो होतो. रोज सकाळी साडू ताईंना नव्या शाळेपर्यंत पायी सोडायला जातात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. मीही सोबत निघालो. फाटकाशी पोरांचा गलका ऐकू आला तशा ताई थांबल्या, आणि क्षणभर त्यांच्या तोंडून कोलामीत काहीतरी निघालं. पोरं नुसती बघत राहिली, कुणी हसलं नाही. ताई आत गेल्या. मी म्हटलं, "चला, कुठेतरी बसू." साडू म्हणाले, "बसा तुमी," आणि ताई वर्गाची खिडकी उघडेपर्यंत तिथेच उन्हात उभे राहिले.